जुन्या वस्तूंचं छोटं दुकान चालतं कसं? मराठवाड्यातल्या दुकानदाराला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, एका गाळ्यात मावेल एवढं. तांब्यापितळेची भांडी, दिवे, लाकडी पेटारे, लंबकाची घड्याळं, नाणी, रेडिओ, वाड्यांच्या दारांचे कडी-कोयंडे असा माल असतो. येणारी माणसं वस्तूइतकीच दुकानाची चौकशी करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. कायद्याचा भाग लांबला आहे, पण या धंद्यात येऊ पाहणाऱ्याने तो आधी वाचावा.

दुकानात दिवसभर गिऱ्हाईक दिसत नाही. मग दुकान चालतं तरी कसं?

रोजच्या गर्दीवर हे दुकान चालत नाही. काही दिवस भवानीसुद्धा होत नाही आणि एखाद्या दिवशी एकच नग महिन्याचा खर्च काढून देतो. हे झेपायला महिन्याचा खर्चच कमी असावा लागतो. टिकलेली बहुतेक दुकानं एक तर स्वतःच्या जागेत आहेत, नाही तर पिढीजात भाड्याच्या गाळ्यात. घरचीच माणसं बसतात, पगारी नोकर नसतो. नव्या कॉम्प्लेक्समध्ये मोठं भाडं भरून हा धंदा सुरू केला, तर पहिलं चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत भांडवल भाड्यातच संपतं.

दुसरा आधार मोडीचा, म्हणजे भंगारात वजनावर मिळणाऱ्या भावाचा. पितळेचा हंडा मोडीच्या भावाच्या थोडाच वर घेतला असेल, तर तो पूर्ण बुडत नाही. गिऱ्हाईक मिळालंच नाही तर ठोक व्यापाऱ्याकडे वजनावर जातो आणि थोड्या तोट्यात का होईना, पैसा मोकळा होतो. लाकूड, काच, कागद, रेडिओ यांना अशी मोड नाही. तिथे चुकीची खरेदी म्हणजे पैसा गेलाच. त्यामुळे छोट्या दुकानात निम्म्याहून जास्त माल धातूचा असतो, आणि त्याच्या जोरावर बाकीची हौस करता येते.

पण माझ्या मते खरा आधार खरेदीचा आहे. चांगली वस्तू विकायला फार कष्ट पडत नाहीत. ती आपल्या दारात आधी येणं महत्त्वाचं. गावातला माणूस वाडा पाडायच्या आधी कोणाला फोन करतो, भंगारवाला हातगाडी कोणाच्या दुकानासमोर उभी करतो, यावर दुकानाचं आयुष्य ठरतं. तो फोन भावासाठी येत नाही. मागच्या वेळी वजन बरोबर केलं होतं, पैसे लगेच दिले होते, याची आठवण ठेवून येतो.

माल येतो कुठून?

सगळ्यात जास्त वाड्यांतून. वाटण्या झाल्या, मुलं पुण्याला गेली, माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकायचा ठरला की फडताळातली भांडी, देवळीतले दिवे, धान्याची मापं बाहेर निघतात. लातूर-धाराशिव पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडमातीच्या घरांची भीती बसली. गावंच्या गावं नव्या जागी वसली. नव्या छोट्या घरात चार माणसांना उचलावा लागणारा हंडा ठेवायचा कुठे? शिसवी चौकटी, सागाच्या तुळया, घडीव कडी-कोयंडे यांची नवी पिढी कशी विल्हेवाट लावते, हे तेव्हापासून पाहतो आहोत. चांगली चौकट जळणात जाताना पाहिली की अजूनही जिवाला लागतं.

दुसरी वाट भंगारवाल्यांची आणि बोहारणींची. पाडे-तांडे, वस्त्या, जुन्या गल्ल्या ही माणसं पायी पालथी घालतात. त्यांच्या पोत्यात नव्याण्णव वस्तू मोडीच्या असतात आणि एक आपल्या कामाची. ती एक ओळखून तिचा वेगळा भाव त्यांना द्यायचा असतो. अडकित्ता, चुनाळं, पिकदाणी, गुलाबदाणी, बैलांच्या घंटा यांना वजनापेक्षा जास्त पैसे मिळतात हे एकदा कळलं की भाई किंवा मावशी स्वतःच अशा वस्तू बाजूला काढून ठेवतात. यात दोघांचंही भलं आहे, शिवाय ती वस्तू भट्टीत जायची वाचते.

तिसरी वाट दुसऱ्या व्यापाऱ्यांची. आमच्याकडे न खपणारा नग हैदराबादच्या किंवा मुंबईच्या चोरबाजारातल्या माणसाकडे जातो, त्यांच्याकडचा इकडे येतो. छोट्या दुकानाची बरीच विक्री प्रत्यक्षात अशी व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतच होते, बाहेरून ती दिसत नाही.

घरची वस्तू आणली की तुम्ही कमी भाव सांगता आणि तीच दुकानात जास्त भावाने ठेवता. असं का?

हिशेबच मांडतो. समजा, पाच किलोचं पितळी घंगाळ आलं. मोडीने त्याचे २,५०० रुपये होतात असं धरू. मी ते ३,००० ला घेतलं. बुडाला चीर आहे, डाग द्यावा लागतो. कडी निखळली आहे. घासून-पुसून ५०० गेले. आता ते दुकानात आठ दिवसही राहील किंवा दोन दिवाळ्याही. ५,००० ला गेलं तर मधले १,५०० रुपये दिसायला बरे वाटतात, पण त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज आहे, गाळ्याचा खर्च आहे आणि शेजारी न विकता पडून असलेल्या तीन वस्तूंचा भारही आहे.

तरीही तुम्हाला भाव कमी वाटला तर वस्तू घरी घेऊन जा, दोन ठिकाणी विचारा आणि मग या. घाईत विकलेल्या वस्तूबद्दल माणसाला नंतर रुखरुख लागते आणि ती रुखरुख आमच्या दुकानाच्या नावावर जमा होते.

दुष्काळात, अडचणीत आलेल्या माणसाकडून तुम्ही वस्तू घेता का?

घेतो, कारण नाही म्हटलं तर तो माणूस ती मोडीत घालणार. पण हा प्रश्न साधा नाही. मराठवाड्यात दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले की आधी सोनं गहाण पडतं आणि मग पितळ बाजारात येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो काळ या भागातल्या कुठल्याच दुकानदाराने विसरू नये. अशा वेळी बाजारात माल भरपूर असतो आणि घेणारे थोडे. भाव पाडणं अगदी सोपं असतं. तेव्हा कोणी कसं वजन केलं, हे गाव पुढची वीस वर्षं लक्षात ठेवतं.

माझी पद्धत अशी. तराजू माणसाच्या समोर, आकडा त्याला वाचता येईल असा. मोडीचा आजचा भाव त्याने आधी बाहेर विचारून यावा, असं मीच सांगतो. देव आणि रुखवतातलं भांडं सगळ्यात शेवटी विका, हेही सांगतो. "आजी, समई राहू द्या, परात द्या" असं म्हणून पाठवलेल्या माणसांनी पुढे बरे दिवस आल्यावर माझ्याकडूनच खरेदी केली आहे.

काही जण म्हणतात, "ठेवून घ्या, सुगीला सोडवून नेतो." ते मी करत नाही. वस्तू गहाण ठेवून व्याजावर पैसे देणं ही सावकारी झाली, आणि तिला महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. घेतली तर सरळ खरेदी, पावतीसकट.

या धंद्याला परवाना लागतो का? किती जुनी वस्तू विकता येते?

इथे शंभर वर्षांची रेष ध्यानात ठेवा. 'पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम' १९७२ चा आहे आणि ५ एप्रिल १९७६ पासून तो लागू झाला. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू, मूर्ती, चित्र, नाणं, कोरीव लेख असं काहीही शंभर वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं. हस्तलिखितं, दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, अर्थात त्यांना ऐतिहासिक, शास्त्रीय, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असेल तर.

अशा पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. परवान्याशिवाय हा व्यापार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वस्तूही जप्त होऊ शकते.

काही वस्तूंची नोंदणी मालकानेही करावी लागते, मग त्या विकायच्या असोत वा नसोत. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत किंवा हाडाच्या मूर्ती, लाकडी मूर्ती, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं या त्यात येतात. आजोबांच्या देवघरातली दोनशे वर्षांची पितळी मूर्ती तुमच्या घरात राहू शकते, पण ती नोंदवलेली असावी आणि मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं.

पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. बाकी कोणी नेली तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड. परदेशी पाहुणा जुनी दिसणारी पण प्रत्यक्षात नवी मूर्ती घेत असेल तर ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून घ्यायला त्याला सांगा. विमानतळावरची त्याची फजिती टळते आणि आपल्या दुकानाचं नावही खराब होत नाही.

आता यावर छोटी दुकानं जगतात कशी, असं तुम्ही विचाराल. बहुतेक छोट्या दुकानांचा माल शंभर वर्षांच्या आतलाच असतो. १९४०चा कंदील, १९५५चा रेडिओ, आजीच्या लग्नातला पितळी डबा, वाड्याची ऐंशी वर्षांची कडी. दुकान यावरच चालतं. परवाना नसेल तर रेषेच्या पलीकडच्या वस्तूला हात लावू नये. हे भीतीपोटी सांगत नाही. अशी वस्तू बहुतेक वेळा कोणत्या तरी देवळातून, बारवेतून किंवा शेतातून उचललेली असते. ती आपल्या गावाची असते, आणि गावाचीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

शेतात नांगरताना नाणी किंवा मणी सापडले तर तुम्ही घ्याल का?

नाही. पैठण आणि तेर इथे हा प्रश्न नेहमीचा. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान आणि तेर म्हणजे जुन्या व्यापारी मार्गावरचं तगर. पावसाने माती धुतली की आजही तिथे शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, शिशाची नाणी वर येतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांची मर्यादा त्या काळची आहे, म्हणजे आज जवळजवळ सगळंच त्यात येतं.

कायद्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे, वस्तू जिथे सापडली ती जागा कळली नाही तर तिचं निम्मं मोल जातं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या अशा वस्तू गोळा केल्या आणि त्यातूनच तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तेरची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आज अभ्यासक इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या प्रतिमेशेजारी ठेवून पाहतात, ते तेरचं नाव तिला जोडलेलं आहे म्हणूनच. तीच मूर्ती एखाद्या दलालाच्या पिशवीतून निघून गेली असती तर तेरबद्दल एक ओळही कोणाला लिहिता आली नसती. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. सापडलेलं काही असेल तर तिकडे जा.

हस्तिदंत, सांबरशिंग, वाघनख, जुनी तलवार?

पहिल्या तिन्हींचा भावही विचारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार बंद आहे आणि "आजोबांच्या काळातलं आहे" हे कारण चालत नाही. वाड्याच्या भिंतीवरची शिंगं, कासवाच्या पाठीची ढाल, कातडी यांनाही तेच लागू. तलवारी-कट्यारींना शस्त्र कायदा लागतो. घरात असतील तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा, दुकानात नंतर.

निजामाच्या काळातली नाणी आहेत. किमती असतील का?

मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या घरात ही असतातच, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि हाली सिक्का हाच रोजचा पैसा होता. इंग्रजी सहा रुपयांना हाली सात रुपये असा हिशेब ठरलेला होता. चारमिनारचं चित्र असलेली नाणी सगळ्यात जास्त येतात. कमानीत उर्दू 'ऐन' हे अक्षर असेल तर ते मीर उस्मान अली खान यांच्या काळचं, 'मीम' असेल तर त्यांचे वडील मीर महबूब अली खान यांच्या काळचं.

तांब्याची आणि निकेलची नाणी भरपूर उरली आहेत, त्यामुळे त्यांना फारसा भाव नाही. चांदीच्या नाण्याला चांदीचा भाव आधार देतो आणि नाणं स्वच्छ, न झिजलेलं असेल तर वर थोडं मिळतं. साल हिजरी असतं, हे ध्यानात ठेवा. हिजरी १३४४ म्हणजे इसवी १९२५-२६. त्याच्या आधीचं नाणं शंभर वर्षांच्या रेषेपलीकडे जातं आणि वर सांगितलेला कायदा त्याला लागतो. नाणं घासून चकचकीत करू नका. चिंच आणि राख लावून आणलेल्या नाण्याचा संग्राहकांच्या लेखी भाव पडलेला असतो.

एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व १८१८, १७१७ असं साल असलेला तांब्याचा तुकडा. असं नाणं कंपनीने कधीच काढलं नव्हतं. हे अलीकडे पाडलेले तुकडे आहेत. जत्रेत ते 'सिद्ध नाणं' म्हणून विकले जातात आणि माणसं कर्ज काढून घेतात.

ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतात म्हणे? आणि तांदूळ ओढणारं भांडं?

दोन्ही फसवणूक. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या नावावर तिचं नाव वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन उकळलं जात आहे आणि बँक असा कोणताही व्यवहार करत नाही. ज्याला खरंच वस्तू घ्यायची असते तो तुम्हाला पैसे देतो. तुमच्याकडून 'नोंदणी'चे पैसे आधी मागणारा चोर समजा.

तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याचंही तसंच. त्यात इरिडियम नावाचा दुर्मिळ धातू आहे, अमुक कंपनी कोटीत घेते, फक्त 'तपासणीचा' खर्च तुम्ही करा, अशी बोलणी होतात. जालना, बीड, परभणीकडून विचारायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात शिकलेलीही असतात. असं भांडं नसतं. कृपा करून त्या 'तपासणी'साठी जमीन विकू नका.

नवं आणि जुनं ओळखायचं कसं? तुम्ही नकली माल ठेवता का?

नवा माल ठेवतो, पण त्यावर 'नवीन' अशी चिठ्ठी असते. मुरादाबादचं पितळ, जोधपूरचं लाकडी सामान सगळीकडेच येतं आणि त्याने बऱ्याच दुकानांचा रोजचा खर्च निघतो. त्यात वाईट काही नाही. नव्याला जुनं म्हणून विकलं की दुकान संपायला लागतं.

ओळखताना झीज कुठे आहे ते बघा. वापरलेल्या वस्तूची झीज हात लागतो तिथेच असते: कडीच्या आतल्या बाजूला, तांब्याच्या काठाला, पेटाऱ्याच्या झाकणाच्या कडेला. आम्लाने किंवा मातीत पुरून काळी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळी असते, खाचाखोचांतही आणि उंचवट्यावरही. जुन्या हंड्यावर तांबटाच्या हातोडीचे ठोके एकासारखे एक नसतात. पेटाऱ्याचे स्क्रू यंत्राचे आणि एकसारखे असतील तर निदान ते तरी नवे.

चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन कोणी 'जुना' म्हणून देत असेल तर सावध. जुने सुटे भाग आणि नवी पेटी जुळवून ते ढिगाने बनतात. पितळी होकायंत्रं, दुर्बिणी आणि त्यांच्यावरचं एकोणिसाव्या शतकातलं साल, हेही बहुतेक रुरकीकडच्या कारखान्यांचं काम.

बिदरीचं वेगळं आहे. ही कला बिदरची, पण आपल्या शहरातही तिची दुकानं आणि कारागीर आहेत. खऱ्या बिदरीचा मूळ धातू जस्त असतो, त्यात थोडं तांबं. वर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवलेला असतो आणि काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून आणलेला असतो. बोटाने चाचपलं तर चांदी जमिनीत बसलेली जाणवते. नकलीत काळा रंग वरून दिलेला आणि नक्षीही रंगाचीच, नखाने खरवडली की निघते.

अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांवर दुकान चालतं का?

थोडंफार, आणि तेही हिवाळ्यातच. पर्यटकाला हलकी, पिशवीत मावणारी, कायद्याच्या कटकटीत न अडकणारी वस्तू हवी असते. म्हणून बिदरीची डबी, हिमरूची शाल, छोटा दिवा, आणि दगड. आपल्या भागातल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्फटिक तयार होतात. फोडल्यावर आत चमचमणारे ते गोळे अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाले विकतात. पांढरे, फिकट हिरवे, गुलाबीसर रंग नैसर्गिक असू शकतात. भडक निळा किंवा जर्द जांभळा असेल तर रंगवलेला असायची शक्यता जास्त, ओल्या फडक्याने पुसून बघा.

खरं सांगायचं तर दुकानाचं मन पर्यटकात नसतं. तो एकदाच येतो. पुण्यात-मुंबईत नोकरी करणारी, गावचं घर सुटलेली आपलीच मुलं हे आजचं मोठं गिऱ्हाईक आहे. आजीच्या घरी जसं घंगाळ होतं तसं त्यांना हवं असतं. त्याखालोखाल वाड्याची सजावट करणारी हॉटेलं, ढाबे, शेतघरं. लग्नाच्या सजावटीसाठी आणि एकांकिकांसाठी वस्तू भाड्यानेही जातात. भाड्याचं उत्पन्न छोटं, पण वस्तू परत येते, त्यामुळे रेडिओ आणि कंदील मी विकण्यापेक्षा भाड्याने देणं पसंत करतो.

जुन्या पैठणीतली जरतार जाळून चांदी काढतात, हे खरं का?

खरं आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं. जुन्या पैठणीत रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार असते, तिला सोन्याचा मुलामा असतो. दारोदार फिरून अशा साड्या घेणारे त्या जाळतात आणि उरलेली चांदी विकतात. साडी विरली असेल तरी पदर आणि काठ शाबूत असतात. ते काढून नव्या कापडावर लावून घेता येतात, चौकटीत बसवता येतात. जाळण्याआधी निदान एकदा एखाद्या विणकराला किंवा दुकानदाराला दाखवा. चांदी कधीही घेता येईल, येवल्याच्या किंवा पैठणच्या त्या हाताने विणलेला तो पदर मात्र पुन्हा मिळणार नाही.

देवांचे टाक घेता का?

चांदीचे टाक लोक आणतात, कारण घरात पूजा करणारं कोणी उरलेलं नसतं. मी विकत घेत नाही. भावकीत कोणाला हवे आहेत का ते आधी विचारा, असं सांगतो. बहुतेक वेळा एखादा चुलता निघतोच.

मोडी लिपीतले कागद, पोथ्या, जुने फोटो?

मोडी, फारसी, उर्दू दस्तऐवज वजनावर विकू नका. निजामाच्या काळातले स्टॅम्पपेपर, सनदा, खरेदीखतं यांत जमिनीचे पुरावे असतात. विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. त्यानंतर विकायचे की देणगी द्यायचे ते ठरवा. फोटोंच्या मागे नावं लिहून ठेवा.

जीएसटीचं काय करता?

वापरलेल्या वस्तूंसाठी नियमात सोय आहे. ३,००० ला घेतलेली वस्तू फार बदल न करता ५,००० ला विकली, तर कर ५,००० वर नाही, मधल्या २,००० वरच बसतो. तोट्यात गेली तर कर शून्य. अट एकच, खरेदीवरच्या कराची वजावट घ्यायची नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. फक्त मालाचा व्यापार असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर माल विकायला लागलात की ती लागते. हैदराबादला पार्सल पाठवण्याआधी आपल्या कर सल्लागाराशी बोला.

ऑनलाइन विक्रीने छोटी दुकानं बंद पडणार का?

उलट, काही दुकानं त्यामुळे वाचली. पूर्वी परभणीच्या दुकानातला लामणदिवा परभणीतच विकायला लागायचा. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकला की सांगलीचा माणूस विचारतो. अडचण अशी की विकणाऱ्यालाही आता इंटरनेटवर कुठला तरी फुगवलेला भाव दिसतो आणि तो तोच धरून बसतो. मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यांत फार अंतर असतं. शिवाय फुटकळ वस्तू पाठवण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. जड माल अजूनही माणूस येऊन, वाजवून बघूनच नेतो. काशाच्या थाळीचा नाद फोटोत ऐकू येत नाही.

मला असं दुकान सुरू करायचं आहे. कशापासून सुरुवात करू?

भांडवलापेक्षा आधी वेळ लागतो. वर्षभर आठवडी बाजारात फिरा, भंगाराच्या ठोक दुकानात उभे राहा, पितळ, कासं, तांबं हाताला ओळखू येऊ द्या. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय सावकाश बघा. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंकडे कोणत्या नजरेने पाहायचं ते तिथे कळतं. मग एकच प्रकार धरा. वजनमापं घ्या, हवं तर. १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि शेर, पायली, अदली घरोघर अडगळीत गेली. ती अजून मिळतात, मोडही आहे, आणि गावागावात आकार वेगळा असल्याने शिकायलाही भरपूर.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कोणाकडून घेतलं, कोणत्या गावचं, ओळखपत्राची प्रत, तारीख, फोटो. चोरीचा माल दारात येणारच आणि तेव्हा ही वहीच तुम्हाला वाचवेल. देवळातली म्हणून ओळखू येणारी मूर्ती, समई किंवा घंटा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घर चालवायला दुसरं उत्पन्न निदान तीन वर्षं असू द्या.

फोटो पाठवला तर भाव सांगाल का?

अंदाज सांगेन, भाव नाही. फोटो उजेडात काढा, न घासता. एक समोरून, एक बुडाचा, एक कडीचा किंवा जोडाचा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. धातूचं असेल तर वजन कळवा. कुठल्या गावच्या घरातलं आहे आणि घरात कधीपासून आहे, तेही लिहा. वाडा पाडायचा असेल तर मात्र फोटोवर थांबू नका. जेसीबी लावायच्या आठ दिवस आधी बोलवा, म्हणजे चौकटी आणि कडी-कोयंडे धक्का न लागता उतरवून घेता येतात.